मुजेल्लोचा उतार आणि आर्नोकाठची छत्री

टीव्हीवर शर्यत पाहताना गाडीचा खरा वेग कळत नाही, कारण कॅमेराही तिच्याबरोबरच वळत असतो. हे आम्हा दोघांच्या लक्षात आले ते २४ सप्टेंबर २०२३ रोजी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. भारतात झालेली ती पहिली मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतली शर्यत मार्को बेझेक्कीने जिंकली आणि आम्ही उन्हाने रापून कोल्हापूरला परतलो, ते पुढच्या वर्षी इटलीतले मुजेल्लो गाठायचेच असे ठरवून. माझा हा मित्र शिवाजी उद्यमनगरात लहानशी फौंड्री चालवतो आणि मी सहकारी बँकेत नोकरी करतो. राजाराम कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो आणि त्याच्या वडिलांच्या येझदीवर दोघेही गाडी चालवायला शिकलो. इटलीत मोटोजीपीच्या दोन शर्यती होतात. त्यांतली मुजेल्लोचीच निवडण्यामागे दोन कारणे होती. तिथे डोंगराच्या उतारावर गवतात बसून शर्यत पाहता येते, हे एक. दुसरे असे की तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर फ्लॉरेन्स आहे आणि फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठी कोल्हापूरच्या छत्रपतींची स्मृतिछत्री आहे. मुजेल्लोपर्यंत जाऊन कोल्हापूरच्या माणसाने ती न पाहता परत यावे, हे आम्हाला पटण्यासारखे नव्हते.

बुधवार, २९ मे २०२४

मंगळवारी सकाळी अंबाबाईचे दर्शन घेऊन निघालो, मुंबईहून पहाटेचे विमान पकडले आणि बुधवारी दुपारी बोलोन्याला उतरलो. भाड्याच्या कारचे आरक्षण माझ्या नावावर होते आणि अनामत रकमेसाठी आणलेले क्रेडिट कार्ड मित्राच्या नावावर होते. कार्ड चालकाच्याच नावाचे हवे, ही अट आम्ही वाचलेली नव्हती, त्यामुळे कागद बदलण्यात तासभर गेला. कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयातून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र मूळ परवान्यासोबत दाखवताच मान्य झाला. इटलीत कार चालवायची असेल तर तो घेतल्याशिवाय कोणी निघू नये.

रस्त्याच्या उजव्या बाजूने कार चालवणे सरळ रस्त्यावर अवघड नसते. चूक होते ती पेट्रोल पंपावरून किंवा रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना, जेव्हा समोर दुसरे वाहन नसते आणि हात सवयीने स्टीअरिंग डावीकडे वळवतात. पहिल्याच संध्याकाळी मित्राकडून हे घडले आणि समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आम्ही बचावलो. त्यानंतर प्रत्येक वळणावर शेजारी बसलेल्याने "उजवीकडे" असे मोठ्याने म्हणायचे, हा नियम आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या वाहनांना बंदी असते आणि कॅमेरे नंबरप्लेट टिपतात, म्हणून कार शहराबाहेरच ठेवली.

गुरुवार, ३० मे

सकाळी बोर्गो पानिगाले या बोलोन्याच्या उपनगरातले डुकाटीचे संग्रहालय गाठले. १९२६ साली ही कंपनी सुरू झाली ती रेडिओचे सुटे भाग बनवण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली बॉम्बहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर सायकलला जोडायच्या एका चिमुकल्या इंजिनापासून तिचे मोटारसायकलींचे पर्व उभे राहिले. त्या इंजिनाचे नाव कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. सायकलच्या पायट्यांजवळ बसवलेले ते ४८ सीसीचे इंजिन आम्ही वाकून पाहिले. मित्राचे लक्ष मात्र इंजिनापेक्षा त्याच्या बाहेरच्या कवचावर होते. ओतकामाच्या साच्याची दोन अंगे जिथे जुळतात तिथली बारीक रेघ त्याने मला दाखवली आणि ती कानशीने कशी घासून काढली असेल हेही सांगितले. ज्याची नखे आयुष्यभर मोल्डिंगच्या काळ्या वाळूत गेली आहेत, त्याच्यासोबत हे संग्रहालय पाहणे हे माझे भाग्य समजतो.

डुकाटीची ओळख असलेली डेस्मोड्रोमिक झडप मला आजवर नीट कळलेली नव्हती. सर्वसाधारण इंजिनात झडप कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने उघडते आणि स्प्रिंगने बंद होते. फेरे फार वाढले की स्प्रिंगला झडपेबरोबर धावणे जमत नाही आणि झडप वेळेवर बसत नाही. फाबिओ ताल्योनी या अभियंत्याने १९५६ साली डुकाटीच्या १२५ सीसी शर्यतीच्या गाडीत स्प्रिंगवरचा हा भरवसाच काढून टाकला आणि झडप बंद करण्यासाठीही वेगळा कॅम दिला. मित्राने डाव्या हाताचे बोट उजव्या हाताच्या दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि ते खाली-वर करत म्हणाला, "बघ, ढकलायला एक आणि ओढायला एक. सोडून द्यायचं नाहीच तिला." मोटोजीपीतल्या त्यांच्या आजच्या गाडीचे डेस्मोसेदिची हे नावही याच रचनेवरून आणि सोळा झडपांवरून पडले आहे.

दुपारी आम्ही जलदगती मार्ग मुद्दाम सोडला आणि फुता खिंडीचा जुना रस्ता धरला. बोलोन्याहून तो लोयानो, मोन्गिदोरो अशी डोंगरगावे पार करत ९६८ मीटर उंचीच्या रातिकोसा खिंडीत चढतो आणि तिथून ९०३ मीटरवरच्या फुता खिंडीत उतरतो. मोटारसायकलस्वारांचा हा लाडका घाट आहे. रातिकोसाच्या उपाहारगृहासमोर चाळीस-पन्नास गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच मुजेल्लोकडेच निघालेल्या होत्या. याच डोंगरांतून एके काळी सुमारे ६६ किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यांवर मुजेल्लोची मोटार शर्यत होत असे आणि ती १९७० पर्यंत चालली. आजचा बंदिस्त मार्ग १९७४ साली सुरू झाला. आंबा घाटात आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला हा रस्ता कठीण वाटत नाही. नवल वाटते ते इथले डांबर एका वळणावरही उखडलेले नाही याचे.

फुता खिंडीत जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. १९४४ च्या उत्तरार्धात या डोंगररांगेत जर्मनांनी संरक्षणफळी उभारली होती, आणि तीस हजारांहून अधिक सैनिक या एका टेकडीवर पुरलेले आहेत. गवतात बसवलेल्या दगडांवरची नावे वाचताना आम्हाला दुसऱ्या बाजूची माणसे आठवली. इटलीच्या या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात लढता लढता धारातीर्थी पडले, आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी आपल्या जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी आणले. शाळेच्या पुस्तकात मला ही नावे भेटली नव्हती. ती भेटायला हवी होती.

संध्याकाळी स्कार्पेरियाला मुक्काम केला. फ्लॉरेन्सने चौदाव्या शतकाच्या आरंभी वसवलेले हे तटबंदीचे गाव सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि मित्राने एका कारागिराच्या दुकानात भाषेवाचून अर्धा तास घालवला. पोलाद हातात घेऊन दोघे एकमेकांना काय सांगत होते ते मला कळले नाही, पण बाहेर पडताना त्याच्याकडे शिंगाच्या मुठीची एक घडीची सुरी होती. रात्री बटाट्याचे सारण भरलेली तोर्तेल्ली जेवलो, जी या खोऱ्याची खासियत आहे. वर मटणाचा रस्सा असावा तसा मांसाचा दाट सॉस होता. घरून आणलेली कांदा-लसूण चटणी त्यात मिसळल्यावर पदार्थ आमच्या जिभेला ओळखीचा झाला.

शुक्रवार, ३१ मे

सरावाचा दिवस. आम्ही तो मार्ग समजून घेण्यात घालवला. मुजेल्लोचा मार्ग ५.२४५ किलोमीटरचा आहे, त्यात पंधरा वळणे आहेत आणि १९८८ पासून तो फेरारीच्या मालकीचा आहे. सरळ पट्टा १,१४१ मीटरचा असून त्याच्या शेवटी, नेमके ब्रेक मारायच्या आधी, जमिनीला एक उंचवटा आहे. तिथे पुढचे चाक हलके होते. २०२३ साली ब्रॅड बाइंडरने याच पट्ट्यावर ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला होता. लगेच सान दोनातो हे पहिले वळण येते आणि तिथे साडेतीनशेच्या आसपासचा वेग काही सेकंदांत शंभरच्या खाली आणावा लागतो. आधी उंचवट्यावर एक ठिपका उगवतो, मग स्वार एकदम छाती उभी करून वाऱ्याला आडवा होतो, आतल्या बाजूचा पाय मोकळा सोडतो, मागचे चाक डावी-उजवीकडे थरथरते आणि गिअर उतरवतानाचे फटके छातीत बसतात. हे सारे पाहून मित्र बराच वेळ काही बोलला नाही. कार्बनच्या ब्रेकचकत्या तापल्याशिवाय धरत नाहीत, एवढे मात्र त्याने नंतर समजावून सांगितले.

शनिवार, १ जून

आमचे तिकीट उतारावरचे होते. सकाळी सातला कासानोव्हा-सावेल्ली या उताराच्या जोडवळणापासून आराब्बियाता या दोन चढत्या वळणांपर्यंतचा भाग दिसेल अशी जागा धरली आणि सतरंजी अंथरली. तिथे बसल्यावर मला कोल्हापूरचे खासबाग मैदान आठवले. शाहू महाराजांनी रोममधले कलोसियम पाहून आल्यावर, १९१२ साली पूर्ण झालेले हे कुस्तीचे मैदान असे बांधून घेतले की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही हौदातली माती दिसावी. मुजेल्लोच्या खोऱ्यात निसर्गाने तेच केले आहे. रस्ता तळाशी आणि माणसे चारी बाजूंच्या उतारांवर, त्यामुळे हजारो माणसे एकाच वेळी उठतात तेव्हा डोंगरच हलल्यासारखा दिसतो.

दुपारी तीनला अकरा फेऱ्यांची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत झाली. डुकाटी संघाच्या पेक्को बन्यायाने ती जिंकली, मार्क मार्केझ दुसरा आणि पेद्रो आकोस्ता तिसरा आला. अजिंक्यपदाच्या गुणांत आघाडीवर असलेला होर्गे मार्टिन घसरून बाद झाला तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या इटालियन गृहस्थांनी त्यांना हाताने गप्प केले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतल्या फुटबॉलवेड्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

"मुजेल्लोत झोप नसते" अशी इथली म्हण आहे आणि ती शब्दशः खरी आहे. इटलीचा लाडका स्वार व्हॅलेंतिनो रॉसी निवृत्त होऊन अडीच वर्षे झाली होती, ४६ हा त्याचा क्रमांक २०२२ साली याच मैदानावर कायमचा निवृत्त केला गेला, तरी तंबूंवर त्याचेच पिवळे झेंडे होते. २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षे त्याने इथली मुख्य शर्यत जिंकली होती. रात्रभर कोणी जुनी इंजिने लाकडी चौकटीत बसवून लाल होईपर्यंत फिरवत होते, कोणी साखळी काढलेल्या लाकूड कापायच्या करवती गुरगुरवत होते. एका टोळक्याच्या इंजिनाची आच मंदावली तेव्हा मित्र नुसत्या खुणांनी त्यांच्याजवळ बसला, कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि इंजिनाने पुन्हा सूर धरला. त्यानंतर आम्हाला तिथून पहाटे तीनपर्यंत कोणी उठू दिले नाही.

रविवार, २ जून

हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. १९४६ साली याच तारखेला जनमत घेऊन इटलीने राजेशाही संपवली. डुकाटीच्या संघानेही त्या दिवशी नेहमीचा लाल रंग सोडून इटलीच्या खेळाडूंचा निळा रंग धारण केला होता. सकाळी लहान इंजिनांच्या गटांच्या शर्यती झाल्या: मोटो-३ कोलंबियाच्या दाविद आलोन्सोने जिंकली, मोटो-२ अमेरिकेच्या जो रॉबर्ट्सने. दोन वाजण्याच्या आधी डोंगर उभा राहिला तो शेवटपर्यंत बसला नाही.

बन्यायाने पात्रता फेरीत दुसऱ्या क्रमांकाची वेळ नोंदवली होती, पण सरावात दुसऱ्या स्वाराच्या वाटेत आल्याबद्दल तीन जागा मागे जाण्याची शिक्षा झाल्याने तो पाचवा उभा होता. तेवीस फेऱ्यांच्या शर्यतीत पाचव्या जागेवरून येणाऱ्याने धीर धरावा, टायर राखावेत, असे आम्ही सकाळपासून बोलत होतो. त्याने पहिल्याच फेरीत आघाडी घेतली. आमच्यासमोरच्या जोडवळणात निळी गाडी सर्वांत आधी उतरली तेव्हा मी आयुष्यात ऐकलेला सर्वांत मोठा मानवी आवाज ऐकला, आणि तो इंजिनांच्या आवाजावर चढला होता.

पुढची चाळीस मिनिटे मार्टिन त्याच्या मागे होता. दुरून पाहणाऱ्याला यात काही घडत नाही असे वाटेल, पण प्रत्येक फेरीत आम्ही एकच जागा पाहत होतो आणि त्यामुळे फरक कळत होता. कासानोव्हातून उजवीकडे आडवी झालेली गाडी सावेल्लीसाठी डावीकडे उलटवताना बन्यायाचे डोके आधी निघत असे, मग खांदा, मग गाडी. त्याचे पुढचे चाक प्रत्येक वेळी पांढऱ्या रेषेपासून वीतभर अंतरावरून, त्याच डागावरून जात असे. मार्टिनची रेषा दर फेरीत थोडी बदलत होती. तो काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हते. कोपर जमिनीला घासत जाताना जो खरखरीत आवाज येत असावा तो आम्हाला ऐकू येणे शक्य नव्हते, तरी प्रत्येक फेरीला मित्र दात आवळत होता.

शेवटच्या फेरीत बन्याया सुटला होता, आणि सगळ्यांचे लक्ष मोठ्या पडद्यावर गेले, कारण त्याचा सहकारी एनेआ बास्तियानिनीने मार्टिनला गाठले होते. बुचिने या अगदी शेवटच्या वळणावर तो आत शिरला आणि दुसरा आला. मार्टिन तिसरा, मार्क मार्केझ चौथा. पहिले चारही स्वार डुकाटीवर. गुरुवारी पाहिलेले ते सायकलचे पिल्लू मला त्या क्षणी आठवले.

शर्यत संपल्यावर इथे एक रिवाज आहे: लोक उतारावरून थेट धावमार्गावर येतात. आम्हीही उतरलो. टीव्हीवर सपाट दिसणारा आराब्बियाताचा रस्ता चालताना धाप लागावी इतका चढाचा आहे. मित्राने खाली बसून डांबरावर तळवा टेकवला. वळणाच्या बाहेरच्या बाजूला टायरांतून सुटलेल्या रबराचे काळे गोळे पडलेले होते, काही मटकीएवढे, काही सुपारीएवढे. अजून कोमट आणि बोटाला चिकटणारे. त्याने त्यातले दोन रुमालात बांधले. आज त्यातला एक उद्यमनगरात त्याच्या टेबलावर आहे, दुसरा माझ्याकडे.

अरुंद डोंगरी रस्त्यांवर इतकी वाहने एकदम उतरल्यामुळे कार शेतातून हलायलाच साडेतीन तास लागले. कोणी हॉर्न वाजवला नाही. लोकांनी डिक्या उघडून जेवणे काढली, शेजारच्या कुटुंबाने आम्हाला चीज दिले आणि आम्ही त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली.

सोमवार, ३ जून

सकाळी फ्लॉरेन्सला आलो. परतीचे विमान रात्रीचे होते, म्हणून चित्रसंग्रहालयांच्या रांगांत उभे न राहता आम्ही सरळ काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला गेलो. जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे झाडांच्या मधोमध ती छत्री उभी आहे.

छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दहनाची प्रथा तिथे नव्हती. खास परवानगी मिळवून, हिंदू रीतीप्रमाणे, या संगमावर त्यांचे दहन झाले. प्रवासात ते रोजनिशी लिहीत होते आणि ती १८७२ साली छापली गेली. ज्या कॉलेजात आम्ही दोघे शिकलो त्याला नाव त्यांचेच आहे, आणि तीन वर्षे त्या कमानीखालून ये-जा करताना त्यांचे वय आमच्याएवढेच होते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

छत्री १८७४ सालची. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला. आतला अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा. पुतळ्याच्या डोक्याला पगडी आहे, गळ्यात मोत्यांचे सर आहेत, आणि रंग आहे. पांढऱ्या संगमरवराची सवय झालेल्या डोळ्यांना या गावात तो रंगीत चेहरा एकदम वेगळा दिसतो. चौथऱ्यावर वेगवेगळ्या भाषांत मजकूर कोरलेला असून त्यात देवनागरीही आहे. मित्राने बूट काढले, खाली बसून ती अक्षरे बोटाने चाचपली. अक्षरांची खोली आणि कडा पाहून छिन्नी कोणत्या कोनात धरली असेल, याचा तो अंदाज घेत होता.

वाटेत घेतलेली फुले आम्ही जोत्यावर ठेवली. सायकलवरून जाणारी एक बाई थांबली, आमच्याकडे आणि पुतळ्याकडे पाहून तिने "इंदियानो?" असे विचारले. मित्राने मान डोलावली आणि म्हणाला, "कोल्हापूर." तिला ते नाव माहीत होते, चौथऱ्यावर ते तिने लहानपणापासून वाचलेले होते.

शेजारीच नदीवर १९७८ साली बांधून झालेला पूल आहे आणि त्याला या छत्रीवरून भारतीयाचा पूल असेच नाव पडले आहे. मोटारमार्गाकडे वळताना हिरव्या-निळ्या पाट्यांवर ते नाव बाणासह पुन्हा दिसले. मी सवयीने "उजवीकडे" म्हणालो आणि मित्राने पाटी पूर्ण वाचून होईपर्यंत कारचा वेग कमी ठेवला.